हळद बाजारातलं उद्घाटन

सांगलीच्या हळद बाजारात मी तिला एकदाच पाहिलं. कोयनानगरकडची ही इंजिनिअर बाजार समितीच्या संगणकापुढे खुर्चीवर मांडी घालून बसली होती. सौदा सुरू व्हायला थोडा वेळ होता आणि गेटवर गाड्या तुंबल्या होत्या. नोंद झाली नाही, तर माल पुढच्या सौद्यापर्यंत पडून राहणार होता. नोंदीसाठी शेतकऱ्याचं एक नाव शोधताना संगणक चहा उकळण्याइतका वेळ घेत होता. समितीच्या अध्यक्षांनी उपाय म्हणून नवा सर्व्हर घ्यायचं ठरवलं होतं. उद्घाटनाचा हारही आला होता.

“यंत्र चांगलं हाय,” ती म्हणाली. “मराठी दिनाला तुमी आवकेची यादी नव्या मराठी अक्षरांत बदलली, शेतकऱ्यांची तशीच ठेवली. दोन्हीकडं अक्षरं साठवायची पद्धत निराळी. म्हणून एका नावापायी ते दरवेळी सगळी नावं बदलून बघतंय. थोडा येळ सगळं बंद ठेवा.”

“आत्ता? लोक काय म्हणतील?” अध्यक्ष म्हणाले.

“आवं, आत्ता काय म्हणत्यात ते गेटवर जाऊन ऐका की!”

अध्यक्ष गेले नाहीत. तिनं आधी सगळ्याची प्रत काढली, मग ओठ आवळून दोन्हीकडची पद्धत एक केली. मान एकदाही वर केली नाही. पुढचं नाव टाकताक्षणी समोर आलं.

अध्यक्ष हाराकडे बघत राहिले. “मग उद्घाटन कशाचं करायचं?”

“गेटचं करा,” ती म्हणाली. “लय येळ बंद हाय.”