माईकचं सांगायचं राहिलं

आज माझी मामेबहीण नोकरीच्या ऑनलाइन मुलाखतीसाठी कन्नड गावाहून माझ्याकडं आली होती. मी कॉम्प्युटर चालू करून दिला आणि बाहेर जाऊन बसलो.

ऑपरेटिंग सिस्टीमच्या मागच्या अपडेटपासून माझा माईक कॉम्प्युटर चालू केल्यावर बंदच असतो. हेडफोनची पिन काढून पुन्हा घातली की चालतो. मी ते रोज नकळत करतो. तिला सांगायचं राहिलं.

मुलाखतीची वेळ संपल्यावर ती बाहेर आली. "दादा, मी लई बोलले, पण त्यांना काहीच ऐकू गेलं नाय. माझंच काही चुकलं का?"

मी पिन काढून घातली. माईक चालू झाला.

"एवढंच व्हतं?" ती म्हणाली.

मुलाखत पुन्हा घ्या, असा मेल आम्ही केला आहे. अजून उत्तर नाही. मी प्रोग्रामर, आणि हा बग, म्हणजे बिघाड, मला बग वाटेनासा झाला होता.

तुमच्या घरात असं काय आहे, जे फक्त तुम्हालाच चालवता येतं?