शून्यसुद्धा लिहायचं असतं

शोभाताईंचा फोन आला तेव्हा मी शाळेत घटक चाचणीचे पेपर तपासत होते. "बाबा गेले," एवढंच त्या म्हणाल्या. शनिवारी मी अमरावतीहून अकोल्याला त्यांच्या बाबांकडे, म्हणजे माझ्या काकांकडे, जाणारच होते, एक गोष्ट कबूल करायला. आठ महिने ती पोटात ठेवली होती. धीर झाला तोही दोन दिवस उशिरा… आता सहा आठवडे झाले. ती गोष्ट आहे तिथेच आहे, आणि मी तिच्यासोबत कोंडून बसले आहे.

काका म्हणजे तेल्हाऱ्यातले आमचे घरमालक, वीज कंपनीतून निवृत्त झालेले लाइनमन. मी तिथल्या शाळेत नवीन होते. सारं गाव भारनियमनाला शिव्या द्यायचं, हा माणूस मात्र त्याचं वेळापत्रक पाहून खूश व्हायचा. दिवे गेले की गच्चीवर सतरंजी अंथरायची, अर्धा तास डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यायची आणि मग उल्का मोजायच्या. ओळखीच्या ताऱ्याशी ताडून उल्का किती ठळक ते कसं ठरवायचं, वहीकडे न बघता पेन्सिल कशी चालवायची, हे सगळं मला त्यांनीच शिकवलं. माझी खोड मात्र वेगळीच होती. आमच्या घरी तारा तुटताना दिसला की डोळे मिटून 'राम राम' म्हणायची रीत. हात आपोआप जोडले जायचे. काका वैतागायचे. "अवं, डोये काहून मिटते? तुयं राम राम होईस्तोवर दोन निसटल्या ना!" ती सवय जायला वर्ष लागलं. आणि काही दिसलं नाही म्हणून वही कोरी ठेवली, की ते खरे चिडायचे. "शून्य बी लिहा लागते. ढग असन त ढग लिहा लागते. नाई लिहिलं त लोक समजतीन, तू झोपली होती."

पुढे माझी अमरावतीला बदली झाली आणि त्याच वर्षी काकांची उजवी बाजू लुळी पडली. त्यांची लेक, शोभाताई, त्यांना अकोल्याला आपल्याकडे घेऊन गेल्या. तिसरा मजला, लिफ्ट नाही, पलंगाशेजारी जाळीची खिडकी आणि खिडकीसमोर नेमका रस्त्यावरचा दिवा. "जलमभर मीच खांबावर चढून दिवे लावले, आता घ्या," म्हणून हसायचे. एका डिसेंबरात, मिथुन राशीतल्या मोठ्या उल्कावर्षावाच्या रात्री, त्यांना गच्चीवर न्यायचं ठरलं. शेजारच्या दोघांनी खुर्चीसकट उचललं आणि जिन्याच्या वळणावर खुर्ची अडकली. वर जाईना, खाली येईना. पंधरा मिनिटं काका भिंतीकडे तोंड करून तसेच बसून होते. "राहू द्या," म्हणाले, आणि पुन्हा कधी गच्चीचं नाव काढलं नाही. मला मात्र म्हणाले, "आता तू पाह्य अन् मले सांग. माह्यं आकाश तुह्यापाशी हाय."

मी पाहायचे. नवऱ्याला स्कूटर काढायला लावून शहराबाहेर जायचे. सकाळी फोनवर आकडे सांगायचे, काका ते डाव्या हातानं लिहून घ्यायचे आणि मग प्रश्नांवर प्रश्न. गेल्या डिसेंबरात त्याच वर्षावाच्या रात्री अमरावतीवर नुसते ढग होते. वर्षभर ते त्या सकाळची वाट पाहत असायचे. मला 'काही दिसलं नाही' म्हणवेना. पहिल्या तासाला बावीस, दुसऱ्याला एकतीस, असं मी ठोकून दिलं.

"पुसट किती?" त्यांनी विचारलं. मी गडबडले. पुसट उल्का नेहमी ठळकांपेक्षा जास्त असतात, आणि खोटं रचताना त्याच मला सुचल्या नव्हत्या.

"साऱ्या ठळकच होत्या, काका."

"अन् मधात थांबली किती वेळ?"

"थांबलेच नाही."

"बरं," म्हणाले. पुढचा प्रश्न आलाच नाही. त्यानंतरही मी फोन करत राहिले, खरे आकडे देत राहिले, आणि दर वेळी सांगायचं ठरवूनही तेवढं एक टाळत राहिले.

तेरवीला शोभाताईंनी त्यांची वही माझ्या हातात दिली. मी काकांच्या पलंगावर बसून ती रात्र शोधू लागले. पानं उलटताना कळलं, ते स्वतःही रोज पाहत होते. 'अकोला, खिडकी, एक तास, शून्य.' ओळीमागून ओळ, वाकड्या अक्षरात, शून्य. एकाही रात्री त्यांनी एक उल्का उगाच जोडली नव्हती. मला रडू कोसळलं. मग ती तारीख आली. 'अकोला, खिडकी, ढग.' त्याखाली माझं नाव, आणि पुढे आकडेच नाहीत. कडेला बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'जागा सोडली. पोरगी सांगन.'

आठ महिने ते नुसते वाट पाहत राहिले. रागावले असते तर मी सुटले असते… शोभाताईंकडून पेन मागून घेतलं आणि त्या जागेत 'ढग' लिहिलं. लिहून झाल्यावरही तशीच बसून राहिले. किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, हे काका आता विचारतील म्हणून.