अनुराधपुरातला पाठमोरा माणूस

श्रीलंकेला जायचं ठरलं तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो. पाठीवर बॅग टाकून देश बघायची हौस मला उशिराच लागली. बरोबर येणारा ऑफिसातला मित्र मात्र यात मुरलेला. बॅग विमानात आपल्याजवळच ठेवायची, सात किलोच्या वर एक चड्डीसुद्धा जादा नाही, हा त्याचा नियम. अंधेरीला ऑफिसखालच्या टपरीवर चहा पिता पिता त्याने मला यादी सांगितली. गडद रंगाचे तीन टी-शर्ट. लवकर सुकणारी एक लांब पॅंट. एक हाफ पॅंट. जीन्स नाही, ती ओली झाली की धोंडा होते.

"आणि पांढरं काही घेऊ नकोस हां. एका बसप्रवासात वाट लागते त्याची."

मी यादी पाळली. त्याबद्दलच हे लिहितो आहे.

आम्ही बौद्ध. आईवडील वाशिमकडून मरोळला आले आणि इथलेच झाले. आई पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जायची. नवस वगैरे आमच्यात नाही, पण तिची एक इच्छा होती. अनुराधपूरला जाऊन, बोधगयेच्या बोधिवृक्षाच्या फांदीपासून वाढलेल्या त्या झाडापुढे पांढऱ्या कपड्यांत वंदन करायचं. विहारातल्या बायका एका वर्षी सहलीने तिकडे गेल्या, तेव्हा आईचंही नाव होतं. ऐन वेळी माझी मुलगी तापाने पडली. मी आणि बायको दोघंही नोकरीवाले. आई म्हणाली, "पुढच्या वेळी जाईन." पुढच्या वेळेपर्यंत तिचे गुडघे गेले.

म्हणून मी निघालो हे कळल्यावर तिने नाक्यावरच्या शिंप्याकडून माझ्यासाठी पांढरा शर्ट आणि पांढरी पॅंट शिवून आणली. खुर्चीत बसून स्वतः इस्त्री केली.

"माझ्या वतीनं उभा राहा तिथं. पांढऱ्यात. आणि कमळ वाहा."

"तिथे कपडे कोण बघतंय, आई?"

"मी बघतेय ना. फोटो पाठव. त्या काळ्या बनियनमधला नको, भंगारवाला दिसतोस."

निघायच्या सकाळी काट्यावर बॅग सात किलो चारशे ग्रॅम भरली. मी शर्ट-पॅंट काढली आणि कपाटात रजयांखाली सारली. कॅमेऱ्याची जादा लेन्सही काढता आली असती. हे मला तेव्हाही कळत होतं.

अनुराधपूरला पोचलो तेव्हा माझ्या एकुलत्या एक लांब पॅंटला चिखल लागला होता. ती धुऊन हॉस्टेलच्या गॅलरीत टाकली. लवकर सुकणारी म्हणे, पण त्या दमट हवेत सकाळीही पिळता येईल इतकी ओली होती. मी हाफ पॅंटवरच निघालो. त्या झाडाच्या आवाराच्या फाटकावरच्या माणसाने माझ्या उघड्या गुडघ्यांकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. आजूबाजूला सगळे पांढऱ्यात. म्हातारे, लेकुरवाळ्या बायका, शाळेची मुलं. सगळ्यांना वाट मोकळी होती. मधे मीच उभा.

मित्राच्या अंगात लांब पॅंट होती. तो म्हणाला, "समोर लुंग्या विकतायत. गुंडाळ ना यार एक."

"राहू दे. बस चुकेल."

बसला अजून दीड तास होता. अडवल्याची लाज वाटत होती, आणि का कोण जाणे, आईचाच राग आला होता. मित्र आत जाऊन आला. मी बाहेर उभा राहिलो.

तेवढ्यात मोबाइलवर आईचा व्हॉइस मेसेज आला. "पोचलास का रे? फोटो?" कठड्यापलीकडे झाडाच्या दिशेला तोंड करून एक माणूस उभा होता. पांढरा शर्ट, पांढरी पॅंट, माझ्याएवढी उंची, टाळूवर माझ्यासारखेच विरळ केस. मी त्याचा पाठमोरा फोटो काढला. आईला पाठवला. खाली लिहिलं, "हा मी."

परत आलो तर तो फोटो मोठा करून, चौकटीत घालून, बाहेरच्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीखाली लावलेला. विहारातल्या बायका बघायला आल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "पाठीवरून पण ओळखू येतो गं तुझा पोरगा!" आई चहा गाळत होती. तिने वर बघितलं नाही.

त्या दुपारी मी रजया उचलल्या. खाली काही नव्हतं. शर्ट आणि पॅंट माझ्या कपाटात हॅंगरला लावलेली होती, नव्याने इस्त्री करून.

दोन वर्षं मी त्या अनोळखी माणसाच्या पाठीसमोर बसून जेवलो. पाहुणे आले की आई तो फोटो दाखवायची, "हा अनुराधपूरला गेला होता," एवढंच म्हणायची. "फोटोत हाच आहे" असं ती कधी म्हणाली नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. कधीकधी वाटायचं, तो माणूस आता वळेल आणि मला विचारेल, तू कोण?

मागच्या हिवाळ्यात आई अंथरुणाला खिळली. शेवटच्या आठवड्यातली एक दुपार. घरी आम्ही दोघंच. मी संत्रं सोलून तिला फोडी देत होतो. मनाशी ठरवून बसलो होतो की आज सांगायचं, माफी मागायची. तिची नजर भिंतीवर होती.

"तो माणूस कोण होता रे?"

"माहीत नाही, आई."

"त्यानं तरी कमळ वाहिलं का?"

फोटोत त्याचे हात दिसत नाहीत. आणि मी फोटो पाठवला तसा मोबाइल खिशात घालून चालू पडलो होतो. त्याने पुढे काय केलं हे मी बघितलंच नव्हतं.

"वाहिलं," मी म्हणालो.

"कुठलं? पांढरं?"

"गुलाबी."

तिने मान माझ्याकडे वळवली. मी तिच्या हातात फोड ठेवली. ती तिने खाल्ली नाही.

"बरं," ती म्हणाली.