आईने कौल दिला नाही तेव्हा

वादळाने आमच्या कोकमाच्या कारखान्याचं छप्पर नेलं त्या वर्षी माझी गावच्या देवीवरची श्रद्धाही जवळजवळ गेली होती. हे लिहिताना थोडा संकोच वाटतो, कारण आमच्या गावात देवीला कुणी देवी म्हणत नाही, आई म्हणतात, आणि आईवर विश्वास नाही असं कुणी बोलून दाखवत नाही. पण खरं ते सांगायला हवं. त्या दिवसांत मी सकाळी देवासमोर दिवा लावायचे तो हाताच्या सवयीने. मनात काही नसायचं.

कारखाना हा शब्द ऐकून कुणी मोठं काही डोळ्यांसमोर आणू नये. खाडीच्या काठाला पत्र्याची एक शेड, तिच्यासमोर कोकमं वाळवायचं खळं, आणि आत आगळाची पिंपं. आगळ म्हणजे मीठ घालून टिकवलेला कोकमाचा रस, ज्याची आपण सोलकढी करतो. माझे यजमान बोटीवर खलाशी होते. कंबरेच्या दुखण्याने ते कायमचे घरी आले आणि मालवणात रिक्षा चालवू लागले, तेव्हा घराला हातभार म्हणून मी स्वयंपाकघरातच आगळ करायला सुरुवात केली. हळूहळू हॉटेलवाले मागू लागले, घर पुरेना, म्हणून ही शेड घेतली. वाडीतल्या काही बायका कामाला येऊ लागल्या. त्यांत सुगंधा सर्वांत जुनी. तिचा नवरा समुद्रात गेला तो परत आला नव्हता, आणि पदरात दोन मुली होत्या. आमचा हंगाम म्हणजे तिचं वर्ष.

कोकम मे महिन्यात भरात येतं आणि त्या वर्षी वादळही मे महिन्यातच आलं. दिवसभर वारा असा घुमत होता की घरात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. वारा पडल्यावर आम्ही खाडीकडे गेलो तर शेडचे खांब तेवढे उभे होते. पत्रे लांब कुणाच्या तरी माडांत अडकले होते. वाळत घातलेली सोलं, म्हणजे कोकमाच्या साली, गेली होती. पिंपं गडगडत शेतात जाऊन पडली होती, झाकणं उडून आत पाऊस आणि खाडीचं पाणी शिरलं होतं. भिंतीच्या आडोशाला राहिलेलं एकच पिंप शाबूत होतं. सुगंधा चिखलात बसून राहिली. रडली नाही. मला म्हणाली, "वयनी, आता आमी काय करूचा?" मी तिला हाताला धरून उठवलं.

घरी आल्यावर यजमान म्हणाले, "अगो, किती करशीत? माका वाटता, आता पुरे झाला. पिंपां भंगारवाल्याक देऊन टाकूया." ते रागाने बोलले नव्हते. माझी दमछाक त्यांनी बघितली होती. मलाही ते पटत होतं, पण सुगंधाचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नव्हता. शेवटी असं ठरलं की आईला विचारायचं. आमच्याकडे मोठ्या कामात कौल लावतात. गुरव पाण्याने भिजवलेल्या फुलाच्या दोन पाकळ्या देवीच्या अंगावर उजवीडावीकडे चिकटवतात आणि आपला प्रश्न तिच्या कानावर घालतात. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार.

देवळाच्या आवारातला वड आडवा पडला होता. त्याच्या फांद्या ओलांडून आम्ही आत गेलो. गुरवमामांनी पाकळ्या लावल्या आणि माझ्या वतीने विचारलं, "आये, तुझा ह्या लेकरू इचारता, धंदो बंद करूचो काय? काय ता सांग." आम्ही हात जोडून उभे राहिलो. पाकळी हलली नाही. मामांनी पुन्हा विचारलं. गाभाऱ्यात समईचा उजेड, बाहेर पाण्याचा आवाज, आणि दोन्ही पाकळ्या तशाच. बराच वेळ गेला. शेवटी मामा माझ्याकडे वळले.

"आये काय बोलाक नाय," ते म्हणाले. "आज घराक जा. मागीर परत इचारूया."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. होय म्हणाली असती तर मी मोकळी झाले असते, नाही म्हणाली असती तर कंबर कसली असती. गप्प राहून तिने मला मधेच सोडलं. पायऱ्या उतरताना मी यजमानांना म्हटलं की भंगारवाल्याला निरोप पाठवा, उद्याच येऊ दे.

तिथून यजमानांच्या रिक्षाने घरी येताना शाळेसमोर एक ट्रक उभा दिसला. वादळात विजेचे खांब पार मोडून पडले होते, ते उभे करायला सरकारने घाटापलीकडून माणसं आणली होती आणि त्यांची राहायची सोय शाळेत केली होती. सगळे चिखलाने माखलेले होते. त्यांचा मुकादम, ढोले नावाचा, पन्नाशीचा, काळासावळा माणूस, रिक्षापाशी आला आणि म्हणाला, "ताई, प्यायचं पाणी भेटन का थोडं? इथली विहीर खारी झाली म्हणतात." यजमानांनी त्याला घरी आणून कळशी भरून दिली. बोलता बोलता कळलं की हे लोक विदर्भातले, आणि पोचल्यापासून त्यांना धड जेवण मिळालेलं नाही. रस्ते बंद, दुकानं बंद. बिस्किटांवर चाललं होतं.

ढोले कळशी घेऊन गेला. तेवढ्यात सुगंधा आली होती, तिने सगळं ऐकलं होतं.

"बिस्किटा खाऊन खांबार चढतत ते, वयनी?" ती म्हणाली. "एकादो वरसून पडलो तर?"

मी म्हटलं, आपलंच कुठे काय धड आहे. ती म्हणाली, "तांदूळ आसत, कुळीथ आसत, नि पडलेले नारळ तर वाटेर लोळतत. चूल पेटवूया." ज्या बाईच्या घरावर कौलं उरली नव्हती ती असं म्हणते म्हटल्यावर मला गप्प बसता आलं नाही. आम्ही अंगणात तीन दगडांची चूल मांडली. भात, कुळथाची पिठी, आणि त्या वाचलेल्या एका पिंपातल्या आगळाची सोलकढी. ढोले आणि त्याची माणसं पंगतीला बसली. सोलकढीचा गुलाबी रंग पाहून एकाने विचारलं, "हे काय हाय वो ताई, सरबत?" आणि मग वाटी पुन्हा पुढे केली. त्या माणसांना जेवताना पाहून वादळानंतर प्रथमच मलाही भूक लागली.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला नाही. फोन बंद होते, म्हणून काही कळेना. नंतर समजलं की आमच्या फाट्यावर त्या रात्री फणसाचं झाड पडून त्याचा टेम्पो पलीकडे अडकला होता आणि तो वैतागून परत गेला होता. विकायची म्हणून शेतातून गोळा करून आणलेली पिंपं आमच्या मागच्या अंगणात तशीच पडून राहिली. मी तेव्हा त्याकडे लक्षही दिलं नाही, कारण चुलीवरून उठायला सवड नव्हती. लाईनवाल्यांना आम्ही जेवायला घालतो हे गावभर झालं होतं. कुणी शेगलाची, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची, भाजी आणून देई, कुणी सुके बांगडे, कुणी लाकडं. आणि कच्चे आंबे! वादळाने रायवळ आंब्यांचा खच पाडला होता. ते विकत घ्यायला कुणी नव्हतं, टाकवत नव्हते, म्हणून जो तो घमेलंभर आंबे आणून "तुझ्या लायनमनांका घाल गो" म्हणत आमच्या पडवीत ओतायचा. चटणी केली, तोंडी लावणं केलं, तरी ढीग वाढतच होता.

एका दुपारी पावसाने काम थांबलं म्हणून ढोले पडवीत टेकला होता. ढिगाकडे बघत म्हणाला, "ताई, हे सडून जाईन. याच्या फोडी करून मिठात का नाही टाकत?"

मी म्हटलं, घरापुरते आम्ही टाकतो की. एवढ्यांचं काय करायचं?

"आमची घरची बाई लोणच्याचं काम करते," तो म्हणाला. "चार बाया हायेत तिच्यासंगं. दिवाळी झाली का तिची मिठातली कैरी संपते, मंग कुठी भेटत नाही, काम बंद पडते. तुम्ही ठेवून पाहा. मी सांगतो तिले."

मी पडवीत उभी होते. समोर आंबे. मागच्या अंगणात रिकामी पिंपं, जी एव्हाना खरं तर भंगारात गेली असती. आणि माजघरात हंगामासाठी आणलेल्या मिठाच्या गोणी, कोरड्या. शेडमध्ये ओल येते म्हणून मीठ मी नेहमी घरात ठेवायचे. मला कसलाही साक्षात्कार झाला नाही. अंगावर शहारा वगैरे आला नाही. मी सुगंधाला हाक मारली आणि म्हटलं, विळ्या घेऊन सगळ्यांना बोलाव. पिंपं उकळत्या पाण्याने धुतली, पुसून कोरडी केली आणि आम्ही फोडी करायला बसलो. डागाळलेले आंबे बाजूला काढायचे, घट्ट तेवढे घ्यायचे. बायकांच्या बोटांना चीक लागून कातडी सोलवटली, पण कितीतरी दिवसांनी पडवीत हसण्याचा आवाज होता.

वीज आली, ट्रक निघून गेला. जाताना ढोलेने माझा नंबर घेतला. त्याचा मागायचं मला सुचलं नाही. मग पावसाळा सुरू झाला आणि त्याच्याकडून काहीच कळलं नाही. गणपती आले, गेले. यजमान पिंपांकडे बघून मान हलवत. मी रोज झाकण उघडून वर आलेला पांढरा पापुद्रा काढायचे, फोडी बुडालेल्या आहेत ना ते बघायचे. सुगंधा मोलमजुरीला जाऊ लागली होती. मन खचायचं. पण त्या काळात एक गोष्ट हळूहळू बदलली. फोन येईल का, हे मी विचारायचं सोडून दिलं. फोडी चांगल्या राहाव्यात एवढं माझ्या हातात होतं, ते मी करत होते. बाकीचं आईवर टाकलं होतं, आणि टाकलं आहे हेसुद्धा मला नंतरच कळलं.

मार्गशीर्षात एका सकाळी अनोळखी बाईचा फोन आला. "कैरी ठेवली हाये का वो? मी ढोले. लाईनवाल्याची बायको." मी पाटावर बसले होते ती उठून उभी राहिले. मग ती म्हणाली, "आमचे हे खांबावरून घसरले होते, पाय मोडला, म्हून फोन राह्यला. पण रोज सांगतात, त्या ताईनं पावसात गरम भात घातला, तिचा माल घ्याच."

ती स्वतः टेम्पो घेऊन आली. फोड तोंडात टाकली, डोळे मिटले आणि सगळी पिंपं घेतली. पुढच्या वर्षी तिच्या ओळखीच्या लोणचेवाल्यांनी मागणी केली. आज आगळापेक्षा आमचं आंब्याचंच काम मोठं आहे. नवी शेड खाडीपासून वर, कातळावर बांधली. तीन वाड्यांतल्या बायका येतात आणि सगळं काम सुगंधा बघते. तिची धाकटी कणकवलीला कॉलेजात शिकते. ज्या म्हाताऱ्या माणसांची मुलं मुंबईला आहेत आणि ज्यांच्या झाडाखाली आंबे कुजून जायचे, त्यांचे आंबे आम्ही आधी उचलतो. सुगंधाने हा नियमच करून टाकला आहे.

कधी कधी मी विचार करते. त्या दिवशी उजवी पाकळी पडली असती तर यजमानांनी स्वतः जाऊन पिंपं विकली असती. डावी पडली असती तर मी मदतीसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवत फिरले असते, आणि चूल कुणी पेटवली असती? याला कुणी योगायोग म्हणेल. मी वाद घालणार नाही. मला एवढंच वाटतं की उत्तर न देणं हेही आईचं असतं, आणि तेवढ्या वेळात समोर जो उपाशी माणूस दिसेल त्याला वाढावं.

गेल्या जत्रेला ढोले कुटुंबासह आला. अजून थोडा लंगडतो. गुरवमामांनी सगळ्या गावाच्या वतीने गाऱ्हाणं घातलं, "घरच्यांचा, भायल्यांचा, सगळ्यांचा बरा कर म्हाराजा," आणि आम्ही सर्वांनी "होय म्हाराजा" म्हटलं. ढोलेला रीत ठाऊक नव्हती. सगळे थांबल्यावर त्याचा एकट्याचा आवाज मोठ्याने आला, "होय म्हाराजा!" लोक हसले, मामाही हसले. बाहेर आल्यावर त्याने हळूच विचारलं, "ताई, तुम्ही काय मागतलं?"

मी म्हटलं, "काही नाही हो. मी हल्ली मागत नाही. घरी कोण कोण आलंय, तेवढं तिला सांगून येते."