फ्लोरेश बेटाचं गाऱ्हाणं

आमच्याकडे कुणी लांबच्या प्रवासाला निघालं की घरातला थोरला माणूस देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतो. कोण जातंय, कुठे, कशाला, हे देवाला मोठ्यानं सांगायचं आणि दर वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. माझी मुलगी देवमाशांच्या अभ्यासासाठी वर्षभर पोर्तुगालच्या फ्लोरेश बेटावर जाणार ठरलं, तेव्हा बायकोनं एकच अट घातली. गाऱ्हाण्यात पत्ता बरोबर आला पाहिजे, नाही तर मुलगी जायची नाही.

"देव तेका राखतलो खंय? भलत्याच गावात?" ती म्हणाली.

मला अट रास्त वाटली. मी नकाशा काढला, आणि अडचण खरीच निघाली. या नावाची दोन बेटं आहेत. आमचं अटलांटिक महासागरात, नऊ बेटांच्या समूहातलं, पश्चिमेच्या टोकाचं. लांबी सतरा किलोमीटर, म्हणजे मालवणहून निघून आचऱ्याला पोचेपर्यंत बेट संपलं. दुसरं इंडोनेशियात, जवळजवळ शंभरपट मोठं. देवाचं लक्ष साहजिकच मोठ्याकडे जायचं.

गाऱ्हाणं घालणार होते माझे काका, वय ब्याऐंशी. मुलीनं त्यांना उच्चार शिकवायला घेतले. शब्दाच्या शेवटचा 'स' तिकडचे लोक 'श' म्हणतात, म्हणून फ्लोरेस नव्हे, फ्लोरेश. लिस्बनला म्हणायचं 'लिझबोआ', बेटाला 'इल्या'. पूर्ण नाव इल्या दश फ्लोरेश, फुलांचं बेट.

"माका ह्या वयात पोर्तुगीज खंयचा जमता?" काका म्हणाले.

"आजोबानू, चावी, पगार, बटाटो, हे पोर्तुगीजच शब्द. तुमी जन्मभर बोलतास."

"मगे आधी सांगूचा नाय? फुकट घाबारलंय."

चार दिवस काका घरापुढच्या खळ्यात येरझारा घालत 'इल्या दश फ्लोरेश' म्हणत होते. मी मोजत होतो. चौथ्या दिवशी विसातले एकोणीस उच्चार बरोबर आले.

गाऱ्हाण्याला शेजारीपाजारी जमले. काकांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, ह्या घराचा चेडू कामाक मुंबैक जाता..."

"व्हय म्हाराजा!" सगळे गरजले. मीसुद्धा.

साठ वर्षं काका वाडीतल्या पोरांना मुंबईलाच पाठवत आले होते. तोंडात तेच बसलेलं. आणि होकार मिळालेलं गाऱ्हाणं मागे घेता येत नाही. बायकोनं वळून माझ्याकडे पाहिलं.

काका मात्र डगमगले नाहीत. त्यांनी पुढे सुरू केलं.

"मुंबैत इमानात बसता..."

"व्हय म्हाराजा!"

"लिझबोआक उतारता..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि थंयसून जाता इल्या दश फ्लोरेश!"

उच्चार निर्दोष. मला राहवेना. "एकोणचाळीस अंश उत्तर, एकतीस अंश पश्चिम," मी म्हणालो.

"अटलांटिकातला," काकांनी जोडलं, "इंडोनेशियातला न्हय!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या पत्त्यार देव रिक्षान पण पोचात," शेजारच्या काकू म्हणाल्या आणि सगळे हसत सुटले.

हसू ओसरायच्या आत बायको पुढे आली. एरवी बायका फक्त होकार देतात. ती हात जोडून म्हणाली, "आणि वर्सान तेका परत घराक घेवन ये रे म्हाराजा."

यावर उठलेला होकार दोन घरं पलीकडे ऐकू गेला असणार.

मग ती आत जाऊन वजनकाटा घेऊन आली. "किती किलो न्हेवक देतत?"

"तेवीस," मुलगी म्हणाली.

कुळथाचं पीठ, सोलं, काजू असं करत बॅग भरली. सव्वीस किलो झाली. बायकोनं थोडा विचार केला आणि मुलीचे तीन स्वेटर आणि जाडजूड पुस्तकं बाहेर काढली. पीठ तसंच राहिलं.