घारीचं पिल्लू आणि भावजयीचा कॅमेरा

आमच्या घरात फोटो काढायचे ते मीच. रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं, नवी खाती उघडली, त्यातल्या एकात मला नोकरी लागली. उद्घाटनं, पाहणीदौरे, मंत्र्यांच्या हातची वृक्षारोपणं, सगळ्यांचे फोटो काढायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. खात्याचा मोठा कॅमेरा खात्यातच राहायचा. घरी माझा स्वतःचा छोटा होता, जेमतेम तीनपट झूमचा. आमच्या वस्तीतल्या, ब्राह्मणपाऱ्यातल्या मराठी घरांत बारसं असो की मंडळाचा गणपती, "ताईले बोलवा" हे ठरलेलंच. मला ते फार आवडायचं.

एका उन्हाळ्यात बाबांना घारीचं वेड लागलं. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, गुडघे गेलेले. त्यांची खोली वर, गच्चीला लागून, त्यामुळे दिवसभर तिथंच. चार-पाच घरांपलीकडच्या मोबाईल टॉवरवर घारीनं घरटं बांधलं होतं.

"एक चांगला फोटो काढ न बाई त्याचा," ते रोज म्हणायचे.

मी काढायची. टॉवर यायचा, आणि घरट्याच्या जागी एक काळा ठिपका.

"हे घरटं हाय का माशी बसली?" बाबा चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे.

अशात माझ्या धाकट्या भावानं बायकोला लग्नाच्या वाढदिवसाला कॅमेरा आणला. खिशात मावेल एवढा, पण झूम वीसपट. भावजय भिलाईची, मराठी सगळं समजायचं तिला, उत्तर मात्र हिंदीत. तिनं आयुष्यात कधी कॅमेरा धरला नव्हता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर बाबा भावजयीचा कॅमेरा हातात घेऊन गच्चीच्या दारातच उभे.

"पाह्य, पाह्य. पिल्लू हाय त्याच्यात! चोच उघडून बसलं हाय."

खरंच होतं. चोचीच्या आतला गुलाबी रंग दिसत होता. बाबा म्हणाले, "सूनबाईचा हात लई चांगला हाय."

मी "छान आहे" म्हटलं आणि चहा टाकायला खाली गेले. दूध उतू गेलं तरी माझं लक्ष नव्हतं. इतकी वर्षं मी फोटो काढतेय, माझा हात कसा आहे ते बाबांनी कधी सांगितलं नव्हतं.

रात्री जेवताना भाऊ म्हणाला, "ताई, ऑफिसातले लोक म्हणून राहिले का एवढ्या पैशात मोठा कॅमेरा आला असता. दुकानदार बदलून देतो म्हणते. तुले समजते यातलं. नीट पाहून सांग न, ठेवू का वापस करू?"

मला एवढा आनंद झाला की तो लपवायला मी भाताचा मोठा घास घेतला.

रविवारी सकाळी मी तो कॅमेरा घेऊन गच्चीवर बसले. दोष शोधायलाच बसले होते, आणि ते सापडतही गेले. डोळा लावून पाहायची खिडकीच नव्हती, सगळा भार मागच्या स्क्रीनवर. उन्हात तो स्क्रीन काळाठिक्कर पडायचा. पकडायला समोर नीट उंचवटा नाही, बोटं घसरायची. ट्रायपॉडचा आटा प्लॅस्टिकचा. लेन्स पुढे सरकताना हलकी करकर यायची. उरला-सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून येणारी काळी धूळ आमच्या गच्चीवर रोज झाडावी लागते, ती आत शिरायला कितीसा वेळ? पूर्ण झूम केलं की चित्र थरथरायचं. ते स्थिर ठेवायची सोय त्यात होती, पण वीसपटीला ती पुरी पडत नव्हती.

मग तिचा फोटो इतका स्पष्ट कसा? मी विचारलंच.

भावजय कपडे वाळत घालत होती. "तकिया रखा था दीदी, मुंडेर पर. उसपे टिकाके बैठी रही. दोपहर भर."

भर उन्हात, कठड्यावर उशी ठेवून, दुपारभर! मला वाटलं होतं, नशिबानं लागला असेल. हे ऐकून जास्तच जळफळाट झाला.

तेवढ्यात बाबा ओरडले, "उडून राहिलं! अवं, पिल्लू उडून राहिलं!"

कॅमेरा माझ्याच हातात होता. मी पूर्ण झूम लावून टॉवरकडे धरला. नुसतं आकाश. डावीकडे नेला, आकाश. उजवीकडे लोखंडाचा एक तुकडा, पुन्हा आकाश. खात्याच्या कॅमेऱ्यानं समारंभ टिपणारी मी, मला एक पक्षी सापडेना.

"दीदी, थोडा पीछे लो," भावजय माझ्या खांद्यामागून हळूच म्हणाली. "पहले टॉवर दिखने दो, फिर धीरे धीरे पास जाना."

ऐकायचं नव्हतं, पण ऐकलं. झूम मागे घेतला, टॉवर दिसला, टॉवरच्या बाजूला पंख दिसले. बटण दाबलं. कॅमेऱ्यानं क्षणभर वेळ घेतला आणि मग खट्ट केलं. फोटोत पिल्लू एका कोपऱ्यात आलं होतं, पण पंख पूर्ण पसरलेले, पीस न् पीस मोजावं असं.

बाबांनी पाहिलं. "हे कोनं काढलं?"

"दीदी ने," भावजय चटकन म्हणाली.

बाबांनी कॅमेरा उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाले, "कॅमेरा चांगला हाय बाप्पा!"

मी कॅमेरा त्यांच्या हातून घेऊन बंद केला. भावजयीनं माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. तिला कळलं होतं, आणि तिला कळलं याचाही मला राग आला.

संध्याकाळी भावानं विचारलं, "काय ठरलं?"

सगळे दोष जिभेवर होते. ते मी सांगितले, एकही गाळला नाही. मग म्हटलं, "पण मोठा कॅमेरा घेतला तर तो कपाटात पडून राहील. हा ती रोज वापरेल. ठेव."

"पक्कं?"

"पक्कं. एक जाड पिशवी शिवून घे म्हणावं तिला, धुळीसाठी."

पुढे भावजयीनं पुष्कळ फोटो काढले. तलावावरचे पाणकावळे, शहराबाहेर वसणाऱ्या नव्या राजधानीत उभ्या राहणाऱ्या इमारतींवरचे मजूर. अडलं की मलाच विचारायची, आणि मी सांगायची, कारण न सांगून कोणाला तोंड दाखवलं असतं? मंडळाच्या हॉलमध्ये तिच्या फोटोंचं प्रदर्शन लागलं तेव्हा मी दाराशी उभी राहून येणाऱ्यांना आत नेत होते. एका बाईंनी विचारलं, "अवो ताई, तुमचे नाही का यात?"

"नाही," मी म्हटलं, "हे सगळे आमच्या भावजयीचे." आणि त्यांना पाणकावळ्यांपाशी घेऊन गेले. तो फोटो खरोखरच फार सुंदर होता. मला तो अजूनही नीट पाहवत नाही.