दगडूभाऊंच्या मोटारीची टकटक

मोटारी दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी जमतात, हातावरचे डाग आणि किस्से. डाग रॉकेलनं निघतात. किस्से मात्र चहा पुढ्यात आला की आपोआप निघतात, आणि आमच्या गॅरेजात चहाला कधी तोटा नव्हता.

गॅरेज धुळ्याला, आग्रा रोडवर. मालक नाना, आधी कापसाच्या जिनमध्ये फिटर होते. मी त्यांच्याकडे मिस्त्री. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीचा काळ. गावात मोटारी मोजक्या, पण त्यांचे मालक सगळे डॉक्टर! एक म्हणायचा गाडी खोकते, दुसरा म्हणायचा रुसते. देवपूरच्या दगडूभाऊंनी मात्र नेमकं सांगितलं, "सरळ चालली तर गाय. वळली की टक्!"

भाऊ कापसाचे व्यापारी. गुन्हेगारही त्यांनी आधीच धरला होता, ड्रायव्हर सुकदेव. हा स्टेअरिंगला हिसके देतो म्हणून दिवाळीपासून गाडी बिघडली, असं त्यांचं मत. आमच्याकडे शेतावरचे सालदार अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला बदलतात. भाऊंनी ड्रायव्हरही सालानंच ठेवलेला. आखाजीपर्यंत आवाज गेला नाही तर तू गेलास, असं त्यांनी त्याला आमच्यादेखत सांगितलं. गावात मोटारीच मोजक्या, तर दुसरी नोकरी कुठली? घरी बायको, तीन लेकरं. सुकदेव नुसता मडगार्ड पुसत राहिला.

*

नानांनी पहिला संशय चाकांवर घेतला. त्या गाडीला लाकडी आरे होते. खानदेशच्या उन्हात आरे सुकतात, सैल होतात आणि वळताना भार एका अंगाला आला की वाजतात. बैलगाडीच्या चाकाचंही तेच. आणि बैलगाडीवाला जे करतो तेच आम्ही केलं. मोटार पांझरा नदीच्या पाण्यात नेऊन उभी केली.

धुणं धुणाऱ्या बाया हात थांबवून बघायला लागल्या. त्यातल्या एकीनं विचारलं, "मोटारले तीस लागनी का, भाऊ?"

नाना म्हणाले, "हाव. पन पानी पीत नही."

लाकूड फुगलं, आरे घट्ट बसले. नाना आणि मी गाडी घेऊन जिनच्या मैदानात गोल गोल फिरलो. आवाजाचं नाव नाही. संध्याकाळी भाऊ गाडीत बसले आणि पुलाच्या वळणावरून परत आले. टक्!

*

दुसऱ्यांदा नानांनी मागची सीट उचलली. खाली हत्यारांची पेटी आणि पेटीशेजारी नारळ! भाऊंच्या आईनं, अक्कांनी, दिवाळीच्या पाडव्याला पूजेचा नारळ गाडीचं रक्षण करायला तिथे ठेवला होता. वळताना तो या कडेचा त्या कडेला जाणारच. दिवाळीपासून आवाज, पाडव्यापासून नारळ. हिशेब इतका चोख जुळला की आम्ही तो नारळ तिथेच फोडला आणि गुळाबरोबर खाल्ला.

दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा दारात. आवाज तसाच होता, आणि वर अक्कांचा निरोप होता, नारळ परत पाठवा.

*

सुकदेवनं मग स्वतःच इलाज काढला. वळायचंच नाही! जवळच्याच एका खेड्यात भाऊंच्या नात्यात लग्न होतं. मांडव गल्लीत, गल्ली उजवीकडे. सुकदेवनं गाडी चौफुलीवर थांबवली आणि दार उघडून म्हणाला, "भाऊ, मांडव आठूनच दिसस."

भाऊ जरीचं उपरणं सावरत धुळीतून पायी मांडवात गेले. सगळ्यांनी विचारलं, मोटार बिघडली का?

*

आखाजी जवळ आली. सुकदेव एकच सांगत होता, भाऊ गाडीत नसले की आवाज येत नाही. भाऊंना वाटे, हा आता माझ्यावर ढकलतो. शेवटी नाना स्वतः मागच्या सीटवर भाऊंच्या शेजारी बसले. चाकाकडे कान न लावता ते भाऊंकडे बघत राहिले.

परत आल्यावर नाना तांब्याभर पाणी प्यायले आणि मग त्यांनी आम्हाला सांगितलं. गाडी वळली की भाऊ घाबरतात. दाराची मूठ घट्ट धरतात, डोळे मिटतात आणि जबडा आवळतात. दिवाळीत त्यांनी मुंबईहून कवळी बसवून आणली होती. ती सैल होती. टक्!

आम्ही हसलो, सुकदेव हसला नाही. खरं बोलावं तर भाऊंची चारचौघांत शोभा, आणि तो राग निघणार सुकदेववर. गप्प राहावं तरी नोकरी जाणारच.

नाना भाऊंकडे गेले. म्हणाले, "भाऊ, पूजेचा नारळ आम्ही काढला, चूक झाली. आता वळण आलं की मोठ्यानं 'हरी हरी' म्हणत जा. आवाज राहणार नाही."

भाऊ भाविक माणूस. पुलाच्या वळणावर त्यांनी असा हरी पुकारला की नदीवरची म्हैस बिथरली. पण तोंड नामात गुंतलं आणि टकटक थांबली. मग देवपूरच्या कोपऱ्याकोपऱ्यावर पोरं भाऊंच्या सुरात सूर मिळवायला लागली. भाऊंना वाटलं, गावात भक्ती वाढली.

*

आखाजीच्या दिवशी दुपारी भाऊंची गाडी आमच्या बोळात वळली. टक् नाही. आणि हरीसुद्धा नाही! आम्ही हातातले पान्हे खाली ठेवले.

सुकदेव उतरला. डोक्याला नवी टोपी, अंगात नवा सदरा. साल पुढे चालू ठेवलं की मालक कपडे करतो. त्यानं आमच्याकडे बघितलं आणि चटकन मान वळवली. डोळे भरले होते त्याचे.

मागून भाऊ उतरले. मांडे आणि आमरस जेवून आलेले, पण गाल आत गेलेले. नानांनी भीत भीत विचारलं, आज नाम घेतलं नाही, तरी आवाज कसा नाही?

भाऊंनी कोटाच्या खिशावर हात ठेवला. आत रुमालात काहीतरी गुंडाळलेलं होतं.

"आवाज आते खिसामा शे, नाना," ते बोबडं बोलले आणि सुकदेवकडे वळले. "चाल रे. आते जोरमा वळाव."